नंबर दोन ठेवायचाय तर तसं आधी सांगा

2025 च्या फॉर्म्युला वनच्या मोन्झा रेसमध्ये मॅकलारेन टीमने आपला ड्रायव्हर ऑस्कर पियास्ट्रीला सांगितलं की टीममधल्याच लॅन्डो नॉरिसला पुढे जाऊ दे, आणि त्यानंतर टीम ऑर्डर, म्हणजे कोणी पुढे राहायचं याचे टीमचे हुकूम, असाव्यात की नसाव्यात हे जुनं भांडण परत सगळीकडे पेटलं. नॉरिसचा पिटस्टॉप रखडला होता, टायर बसवायला वेळ लागला, त्यामुळे तो पियास्ट्रीच्या मागे पडला, आणि टीमचं म्हणणं असं की चूक आमची आहे तर दोघांची जागा परत बदला. पियास्ट्री रेडिओवर म्हणाला की स्लो पिटस्टॉप हा रेसिंगचाच भाग आहे असं आपलं ठरलेलं ना, पण त्याने ऐकलं, जागा सोडली. पियास्ट्रीचा मॅनेजर आहे मार्क वेबर, आणि हा प्रश्न अंगावर झेललेले जे मोजके लोक आज फॉर्म्युला वनमध्ये आहेत त्यातला हा एक. म्हणून मला या विषयावर बोलायचं तर वेबरच्या करिअरवरूनच बोलावंसं वाटतं, नुसतं तत्त्वाचं बोलून यात काही हाताला लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टीम ऑर्डरवर बंदी घालून काही होत नाही, ती घालून बघितलेली आहे. पण टीमने एक ड्रायव्हर पुढे आणि एक मागे असं मनात ठरवायचं, बाहेर मात्र दोघं समान आहेत म्हणून सांगत राहायचं, त्या ड्रायव्हरलाही आणि तिकीट काढून आलेल्या माणसालाही, हे चुकीचं आहे आणि हे थांबवता येतं. ठेवा ना नंबर दोन, पण सीझन सुरू व्हायच्या आधी जाहीर सांगा.

आता वेबर. बऱ्याच नवीन फॅन्सना तो फक्त "मल्टी 21" वाला (ती गोष्ट पुढे येईल) किंवा पियास्ट्रीचा मॅनेजर म्हणून माहीत आहे, त्यामुळे थोडं मागे जाऊ. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला खेटून क्वीनबियन म्हणून गाव आहे, तिथला हा, जन्म 1976 चा. घरी फार पैसा नाही, वडिलांचा मोटरसायकल आणि पेट्रोल पंपाचा धंदा, लहानपणी कॅनबेराच्या रग्बी टीमचा बॉलबॉय होता. कार्टिंगलाही उशिरा आला, आत्ताची पोरं सहा-सात वर्षांची असताना कार्टमध्ये बसतात, हा बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर बसला. मग फॉर्म्युला फोर्ड ही नवख्यांची रेसिंग, मग इंग्लंड, 1996 ला ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला फोर्ड फेस्टिव्हल जिंकला. पुढच्याच वर्षी फॉर्म्युला थ्रीमध्ये पैसे संपले, करिअर तिथंच संपलं असतं, तर डेव्हिड कॅम्पीसी या रग्बीतल्या मोठ्या खेळाडूने त्याला कर्ज दिलं म्हणून गाडी पुढे चालली. अ‍ॅन नील, जी पुढे त्याची बायको झाली, तिने मॅनेजर म्हणून त्याच्यासाठी दारोदार फिरून स्पॉन्सर शोधले.

त्यानंतर मर्सिडीजकडून स्पोर्ट्स कार, आणि 1999 चं ल माँ, फ्रान्समधली 24 तासांची रेस. ज्यांना वाटतं की वेबर रडका होता, सारखी तक्रार करायचा, त्यांनी हे एकदा बघावं. मर्सिडीजची ती गाडी इतकी बेभरवशाची होती की वेगात असताना नाकाखाली हवा शिरली की उचलली जायची. गुरुवारी क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीत, वेबरची गाडी हवेत उडाली. तो वाचला, गाडी दुरुस्त केली, आणि शनिवारी सकाळी वॉर्म-अपला त्याच गाडीत तोच माणूस परत बसला आणि गाडी परत उडाली, यावेळी उलटी होऊन छतावर घसरत गेली. तरी टीमने उरलेल्या दोन गाड्या रेसमध्ये उतरवल्या आणि पीटर डम्ब्रेकची गाडी झाडांच्या वरून बाहेर जाऊन पडली, तेव्हा कुठे मर्सिडीजने माघार घेतली. नशीब की तिन्ही वेळा ड्रायव्हर जिवंत राहिला. दोन दिवसांत दोनदा असं झाल्यावर पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलाने रेसिंग सोडलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं, हा सोडून गेला नाही.

2002 ला फॉर्म्युला वनमध्ये आला तो मिनार्डीकडून, म्हणजे ग्रिडवरची सगळ्यात गरीब टीम. पहिलीच रेस घरची, मेलबर्नचा अल्बर्ट पार्क. पहिल्या वळणावर राल्फ शूमाकर बारिकेलोवर जाऊन आदळला, एका फटक्यात आठ गाड्या बाद झाल्या, आणि वेबर त्या मिनार्डीला सांभाळत सांभाळत, शेवटी मागून येणाऱ्या मिका सालोच्या टोयोटाला थोपवत पाचवा आला. दोन पॉइंट. मिनार्डीला त्या अख्ख्या सीझनमध्ये तेवढेच दोन मिळाले. पोडियमचा, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावरचा, समारंभ उरकल्यावर तो आणि टीमचा मालक पॉल स्टॉडार्ट दोघंही पोडियमवर जाऊन उभे राहिले आणि खाली ऑस्ट्रेलियन पब्लिक वेड्यासारखं ओरडत होतं. मला आजही तो प्रसंग त्याच्या कुठल्याही विजयाइतकाच मोठा वाटतो.

मग जॅग्वार दोन वर्षं, विल्यम्स दोन वर्षं, मोनॅकोत 2005 ला पहिला पोडियम, आणि 2007 ला रेड बुल. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये टास्मानियात स्वतःच्याच चॅरिटी इव्हेंटमध्ये सायकल चालवताना समोरून आलेल्या गाडीवर आदळला, पाय मोडला. पायात रॉड घालून फेब्रुवारीत टेस्टिंगला हजर, आणि 2009 च्या जुलैमध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगला पोल, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, घेऊन, मध्येच पेनल्टी खाऊन, तरीही जिंकला. 130 वी रेस होती त्याची. तोपर्यंत इतकं थांबून पहिला विजय कुणाला मिळाला नव्हता. ऑस्ट्रेलियन ड्रायव्हर जिंकला त्याला 28 वर्षं झाली होती, आधीचा विजय अ‍ॅलन जोन्सचा, लास वेगास 1981.

अ‍ॅलन जोन्सचं नाव आलंच आहे तर त्याच्याबद्दलही सांगायला हवं, कारण माझ्या मुद्द्यासाठी ते फार कामाचं आहे. 1981 ला विल्यम्समध्ये जोन्स हा वर्ल्ड चॅम्पियन आणि उघड उघड नंबर एक, कार्लोस रॉयटेमान नंबर दोन, करारातच तसं होतं. ब्राझीलला पावसात रॉयटेमान पुढे होता, टीमने पिटवरून पाटी दाखवली, वर जोन्स खाली रॉयटेमान, म्हणजे याला पुढे सोड. रॉयटेमानने लॅपमागून लॅप पाटी बघितली आणि सोडलं नाही, जिंकला. जोन्स इतका चिडला की पोडियमवर गेलाच नाही. सीझनच्या शेवटी त्याच लास वेगासला, जिथं जोन्स जिंकला, रॉयटेमानने टायटल एका पॉइंटने नेल्सन पिकेकडे घालवलं. आता यात कोण बरोबर यावर लोक चाळीस वर्षं वाद घालताहेत, घालू देत. पण फसवलं कोणी कोणाला? कोणीच नाही. रॉयटेमानला माहीत होतं त्याने कशावर सही केली आहे, पाटी सगळ्या जगाने वाचली, त्याने सगळ्यांच्या देखत नाकारली आणि त्याची किंमतही मोजली. त्या भांडणात दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या.

रेड बुलमध्ये तसं नव्हतं. 2009 ला सेबॅस्टियन वेटेल तिथं आला, रेड बुलनेच लहानपणापासून पैसा लावून घडवलेला पोरगा, रेड बुलचा सल्लागार हेल्मुट मार्को याच्या ज्युनियर प्रोग्रॅमचं सगळ्यात मोठं यश. मार्कोला तो जवळचा वाटणार हे साहजिकच आहे, माणूस आहे शेवटी. पण टीम बाहेर काय सांगत होती, तर आमच्याकडे नंबर एक-दोन काही नाही, दोघांना समान वागणूक.

2010 बघा. तुर्कस्तानला वेबर पुढे, वेटेल मागे, त्यांच्या मागे मॅकलारेनचा हॅमिल्टन. 40 व्या लॅपला वेटेल आतून घुसला, अर्धवट पुढे गेल्यावर उजवीकडे वळला, दोन्ही गाड्या भिडल्या. वेटेल बाहेर, वेबर तिसरा, पहिले दोन नंबर मॅकलारेनने फुकटात नेले. 43 पॉइंटच्या जागी 15. आणि रेस संपल्या संपल्या मार्कोची जी वक्तव्यं आली त्यात बोट वेबरकडे होतं. बहुतेक सगळ्या बाहेरच्या लोकांना उलट दिसलं होतं. त्याच सुमारास, जूनच्या सुरुवातीला, वेबरने 2011 चा करार वाढवला. हे लक्षात ठेवा.

मग इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन, जुलै. टीमने नवीन डिझाईनचे फ्रंट विंग, म्हणजे गाडीच्या नाकावरचे पंख, आणले होते, दोनच. शनिवारी सकाळच्या प्रॅक्टिसमध्ये वेटेलच्या गाडीवरचा निखळला. उरला एक, तो वेबरच्या गाडीवर. टीम बॉस ख्रिश्चन हॉर्नरने तो वेबरच्या गाडीवरून काढायला लावला आणि वेटेलच्या गाडीला बसवायला सांगितला. म्हणजे वेबरच्या मेकॅनिकनी नीट बसलेला पार्ट आपल्या हाताने काढून शेजारच्या गॅरेजमध्ये द्यायचा. जो तुटला तो वेटेलचा, वेबरकडून काही चूक झालेली नाही. कारण नंतर सांगितलं की वेटेल चॅम्पियनशिपमध्ये पुढे आहे. 115 आणि 103, बारा पॉइंटचा फरक, आणि तोही त्याच्या आदल्या रेसला व्हॅलेन्सियात वेबरची गाडी कोवालायनेनच्या गाडीवर चढून हवेत उलटली म्हणून पडलेला.

क्वालिफायिंगला वेटेल पोलवर, वेबर दुसरा. रविवारी सुटताना वेबर पहिल्या वळणाला पुढे घुसला, वेटेलचा टायर हॅमिल्टनशी घासून फाटला आणि तो तळाला गेला, वेबर जुन्या विंगवर रेस जिंकला. आणि फिनिश लाईन ओलांडल्यावर रेडिओवर म्हणाला, "नॉट बॅड फॉर अ नंबर टू ड्रायव्हर." नंतर पत्रकारांना त्याने असंही सांगितलं की हे असं चालणार हे माहीत असतं तर पुढच्या वर्षाचा करार केलाच नसता.

माझा सगळा मुद्दा त्याच्या या दुसऱ्या बोलण्यात आहे. रेडिओवरचं वाक्य टी-शर्टवर छापलं गेलं, सगळ्यांना पाठ आहे, पण करार केला नसता हे वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. विंग एकच असेल तर पॉइंट्समध्ये पुढे असलेल्याला मिळेल, हा नियम वाईट नाही, मी टीम बॉस असतो तर कदाचित मीही तोच लावला असता. पण तो विंग काढल्यावर सांगितला. ज्याचं करिअर त्यावर अवलंबून आहे त्याला महिन्याभरापूर्वी सही करताना सांगितला नाही. त्याला माहीत असतं तर तो दुसऱ्या टीमकडे बघू शकला असता, पैसे जास्त मागू शकला असता, किंवा चालेल म्हणून डोळे उघडे ठेवून सही करू शकला असता. तो निवडीचा हक्क त्याच्याकडून काढून घेतला, आणि विंगपेक्षा ते जास्त वाईट होतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मीही तेच करतोय जे रेड बुलने केलं. वेटेल जास्त वेगवान होता. 2009 ते 2013 पाचही वर्षं चॅम्पियनशिपमध्ये वेटेल वेबरच्या पुढे होता, त्यातली चार टायटल, हे काही विंग देऊन होत नाही. 2011 पासून पिरेली टायर आले, वेटेलला त्या गाडीचा मागचा भाग कसा हाताळायचा हे जमलं, वेबरला तितकं कधीच जमलं नाही. 2010 चं टायटलसुद्धा वेबरने स्वतःच्या चुकीने घालवलं असं मी म्हणेन. जपाननंतर तो 14 पॉइंटने पुढे होता, कोरियाला पावसात स्वतः गाडी कर्बवर नेली, फिरला, भिंतीवर आदळला, शून्य. शेवटच्या अबूधाबीच्या रेसला लवकर पिटमध्ये आला आणि अल्गेरसुआरीच्या मागे अडकला, वेबर पुढे निसटू नये म्हणून फेरारीने आपल्या अलोन्सोला आत बोलावलं तर तो पेट्रोव्हच्या मागे अडकला, आणि वेटेल मोकळ्या ट्रॅकवर जिंकून 256 पॉइंटने चॅम्पियन. अलोन्सो 252, वेबर 242. काही जण म्हणतात की वेबरला मुद्दाम आमिष म्हणून आत बोलावलं, मला ते पटत नाही, त्याचे टायर खरंच गेले होते.

त्याच्या आदल्या ब्राझीलच्या रेसला वेटेल पहिला आणि वेबर दुसरा होता, आणि पॉइंट्समध्ये वेबर पुढे होता. सिल्व्हरस्टोनचा निकष खरा असता, की पॉइंट्समध्ये पुढे असेल त्याला प्राधान्य, तर तिथं जागा बदलायला हवी होती, वेबर 245 वर गेला असता, अलोन्सोच्या फक्त एक पॉइंट मागे. रेड बुलने बदलली नाही. म्हणाले आम्ही दोघांना रेस करू देतो. हेही तत्त्व म्हणून चांगलं आहे, मला आवडतं सुद्धा. पण जुलैत एक तत्त्व आणि नोव्हेंबरमध्ये दुसरं, आणि दोन्ही वेळा फायदा एकाच बाजूला, असं झालं की माणसाचा विश्वास कसा राहणार?

आणि विश्वास गेला की काय होतं तेही याच सीझनमध्ये दिसतं. जपानच्या आधी वेबर सायकलवरून पडला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. टायटलच्या लढाईत शेवटच्या चार रेस तो मोडक्या खांद्याने चालवला, आणि टीमला सांगितलंच नाही. फिजिओसारखे एक-दोघं सोडून कोणाला माहीत नव्हतं, हॉर्नरला नंतर कळलं आणि तो नाराज झाला. वेबरचं हे चुकलंच, ज्या टीमच्या करोडोंच्या गाडीत बसतोस तिला असं अंधारात ठेवायचं नसतं. पण ज्याला वाटतं की टीम निमित्तच शोधते आहे तो स्वतःहून निमित्त कशाला देईल, हेही समजतं मला. एकाने लपवलं की दुसराही लपवतो, मग ती टीम राहत नाही, एका छपराखाली दोन दुकानं होतात.

2011 ला सिल्व्हरस्टोनलाच वेबर तिसरा असताना त्याला चार-पाच वेळा सांगितलं की वेटेलच्या मागे अंतर ठेव, त्याने ऐकलं नाही, शेवटच्या लॅपपर्यंत हल्ला करत राहिला आणि नंतर सरळ कबूल केलं की मी ऑर्डर धुडकावली. म्हणजे वेटेलने 2013 ला मलेशियात जे केलं, तेच दोन वर्षं आधी त्यानेही केलं होतं, हे वेबरच्या फॅन्सनी विसरू नये.

मलेशिया, 24 मार्च 2013. शेवटच्या पिटस्टॉपनंतर वेबर पुढे, वेटेल मागे, टायर झिजताहेत, टीमने दोघांना कोड दिला, मल्टी 21, म्हणजे गाडी नंबर 2 पुढे आणि 1 मागे, असंच शेवटपर्यंत चला, इंजिन खाली करा, म्हणजे त्याचा जोर कमी करा. वेबरने ऐकलं, इंजिन खाली केलं. वेटेलने नाही केलं आणि 46 व्या लॅपला पिटच्या भिंतीला खेटून, मग वळणावळणावर चाक चाकाला लावून पुढे गेला. ज्याने शस्त्र खाली ठेवलं त्याच्यावर हल्ला. पोडियमच्या आधीच्या खोलीत वेबर फक्त एवढंच म्हणाला, मल्टी 21 सेब, मल्टी 21. पुढच्या रेसला चीनमध्ये वेटेलने आधीची माफी बाजूला ठेवून सांगितलं की परत संधी आली तर बहुतेक हेच करीन, कारण वेबरला तो विजय मिळायला नको होता. टीमने वेटेलचं काय केलं? काही नाही.

त्याच रेसमध्ये त्यांच्या लगेच मागे मर्सिडीजमध्येही हेच चाललं होतं, पण ते लोकांच्या लक्षात राहत नाही. हॅमिल्टन तिसरा, पेट्रोल कमी, रॉसबर्ग मागे आणि स्पष्ट जास्त वेगात. रॉसबर्गने रेडिओवर परत परत विचारलं, टीम बॉस रॉस ब्रॉनने परत परत नाही म्हणून सांगितलं. रॉसबर्ग थांबला, चौथा आला, आणि रेडिओवर एवढंच म्हणाला की हे लक्षात ठेवा. हॅमिल्टनने पोडियमवर उभं राहून सांगितलं की इथं माझ्या जागी निको असायला हवा होता. ऑर्डर दोन्हीकडे होती. एका टीममध्ये ऑर्डरला वजन होतं, दुसरीकडे ती ज्याने पाळली त्याचंच नुकसान झालं.

आपल्याकडे क्रिकेटवाल्यांना मुलतान 2004 आठवत असेल, सचिन 194 वर नाबाद आणि द्रविडने डाव घोषित केला. महाराष्ट्रात अजून त्यावर घरोघरी दोन तट आहेत. पण तिथं सचिनचे सहा रन गेले तरी मॅच भारताची, स्कोअरबोर्ड एकच. फॉर्म्युला वनमध्ये स्कोअरबोर्ड दोन आहेत, एक टीमचा, एक ड्रायव्हरचा, आणि सगळी भानगड इथं आहे. बक्षिसाचा पैसा टीमच्या टेबलवरून वाटला जातो. पहिला आणि दुसरा नंबर आला की 25 अधिक 18, 43 पॉइंट, कोण पुढे कोण मागे याने टीमच्या खात्यात एका पॉइंटचा फरक पडत नाही. म्हणून "टीमच्या हितासाठी" असं म्हणून जेव्हा दोघांत एकाची निवड होते तेव्हा ते टीमचं हित नसतं, एका ड्रायव्हरचं असतं. दोघांना भिडू नका, इंजिन जपा म्हणणं वेगळं, ते टीमच्या हिताचं. हा फरक फार कमी लोक करतात.

सायकल रेसमध्ये बघा, टूर द फ्रान्सला प्रत्येक टीमचा लीडर जाहीर असतो, बाकीचे त्याच्यासाठी वाऱ्यात तोंड घालून राबतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, आणि लोक त्यांनाही मान देतात कारण त्यांचं काम काय हे सगळ्यांना माहीत असतं. वेबरला सायकलिंगचं वेड, त्याला हे कुणी शिकवायला नको होतं. नंबर दोन असण्यात कमीपणा नाही. समान आहेस असं सांगून नंबर दोनचं काम करून घेण्यात आहे.

बंदी का चालत नाही? 2002 ला ऑस्ट्रियात फेरारीच्या बारिकेलोने शेवटच्या काही मीटरवर टीममधल्याच मायकेल शूमाकरला पुढे सोडलं, लोकांनी हुर्यो केली, बंदी आली. मग 2010 ला हॉकेनहाइमला फेरारीने मासाला रेडिओवर सांगितलं, फर्नांडो (अलोन्सो) तुझ्यापेक्षा फास्ट आहे. ऑर्डर दिलीच नाही, नुसती माहिती दिली. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल तसाच राहिला, आणि 2011 पासून बंदीच काढून टाकली. इंजिन मोड, पिटस्टॉपची वेळ, कोड, शंभर वाटा आहेत, कोण पकडणार?

मग करायचं काय तर लपवाछपवी अवघड करायची. 2022 पासून प्रत्येक रेसच्या शुक्रवारी टीमना गाडीवर कोणते नवीन पार्ट लावले ते जाहीर करावं लागतं, पत्रकारांना गाडी दाखवावी लागते. त्यात पार्ट एकच असेल तर तो कोणत्या ड्रायव्हरला आणि का, एवढं लिहायला लावा. आणि सीझनच्या सुरुवातीला टीमने एफआयएकडे, म्हणजे खेळाचे नियम बनवणाऱ्या जागतिक संघटनेकडे, एक पान द्यावं, जाहीर, की दोघं समान आहेत का, नसतील तर निकष काय, किती पॉइंटचा फरक पडल्यावर एकाला प्राधान्य, सीझनच्या मध्ये बदलायचं असेल तर बदला पण तेही आधी जाहीर करून.

लोक म्हणतील गाडी त्यांची, पैसा त्यांचा, टीम ठरवेल. बरोबर, टीमच ठरवेल, मी ठरवायला नाहीच म्हणत नाहीये. दुसरं म्हणतील की नंबर दोन जाहीर झाला तर त्याचा भाव पडेल, स्पॉन्सर पळतील. पडू दे, तो खरा भाव असेल. आणि हे व्यवहारात शक्य नाही म्हणणाऱ्यांना मी उंच ड्रायव्हरांचं उदाहरण देईन. वेबर सहा फुटांच्या वर, वजन जास्त, आणि गाडी-ड्रायव्हर मिळून वजन मोजायचे त्यामुळे वर्षानुवर्षं अशा ड्रायव्हरांनी उपाशी राहून किलो किलो कमी केले आणि सगळे म्हणायचे खेळ असाच आहे. 2019 ला ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान 80 किलो असा नियम केला, एका ओळीत प्रश्न बराचसा मिटला.

मॅकलारेनवर 2025 ला खूप टीका झाली, मोन्झाची जागा बदलणं मलाही पटलं नाही, पिटस्टॉपची चूक ही रेसचाच भाग. त्याच्या आदल्या वर्षी हंगेरीत त्यांनी नॉरिसकडून जागा परत घेऊन पियास्ट्रीला दिली होती, पियास्ट्रीचा तो पहिला विजय. शेवटी नॉरिस चॅम्पियन झाला, पियास्ट्री तिसरा, मध्ये वेर्स्टाप्पेन इतका जवळ आला की दोघांना समान ठेवण्याच्या नादात टायटलच हातातून जाणार होतं. पण त्यांनी नियम आधी सांगितला होता, चुकत माकत का होईना दोन्ही बाजूंना लावला, आणि पियास्ट्री रेडिओवर "आपलं ठरलेलं ना" असं म्हणू शकला. वेबरला सिल्व्हरस्टोनला असं म्हणता आलं नाही, कारण ठरलेलं काही नव्हतंच.

2011 ला ग्रेटर नोएडाला रेस आली तेव्हा आपल्याकडून कितीतरी जण तिकीट काढून गेले होते, नारायण कार्तिकेयनसाठी ओरडायला आणि रेड बुल बघायला. तिथल्या तिन्ही रेस वेटेल जिंकला. वेबर एकदा चौथा, एकदा तिसरा, आणि 2013 ला अल्टरनेटर गेला म्हणून बाहेर. त्याच वर्षी ब्राझीलला शेवटच्या रेसनंतर त्याने ट्रॅकवरच हेल्मेट काढलं आणि उघड्या चेहऱ्याने वाऱ्यात गाडी चालवत पिटपर्यंत आला. नऊ विजय, 13 पोल, 42 पोडियम, तीनदा चॅम्पियनशिपमध्ये तिसरा. मग पोर्शकडे जाऊन 2015 ला टिमो बर्नहार्ड आणि ब्रेंडन हार्टलीबरोबर एन्ड्युरन्सचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेसचा, वर्ल्ड चॅम्पियन झाला. तिथं तीन ड्रायव्हर एकाच गाडीत, एकाच निकालात, त्यामुळे कोण नंबर एक हा प्रश्नच नव्हता, आणि मला नेहमी वाटतं की त्याचं टायटल तिथं येणं हा योगायोग नाही.

रेड बुलने 2010 च्या सुरुवातीला एका पानावर लिहून दिलं असतं की पार्ट एकच असेल तर पॉइंट्समध्ये पुढे असलेल्याला, तर सिल्व्हरस्टोनला तो विंग वेटेललाच मिळाला असता, त्यात काही बदललं नसतं. पण वेबरने जूनमध्ये सही करायची का नाही हे ते पान वाचून ठरवलं असतं, आणि ब्राझीलला टीमला त्याच पानाप्रमाणे उत्तर द्यावं लागलं असतं.